महानायकाचा दोष आणि नाशिकची रंगभूमी

अतिमानवी शक्ती किंवा असामान्य साधने हाताशी असलेला, बहुधा मुखवट्याआड वावरणारा आणि कायद्याच्या चौकटीबाहेर राहून लोकरक्षण करणारा नायक, ज्याला सर्रास ‘सुपरहिरो’ आणि क्वचित ‘महानायक’ म्हटले जाते, तो गेल्या चार दशकांत इतका बदलला आहे की निर्दोष महानायक आता पडद्यावर जुनाट वाटू लागला आहे. अहंकार, सूडबुद्धी, व्यसन, बेपर्वाई यांपैकी काहीतरी अंगी असल्याशिवाय त्याची कथा पुढे सरकत नाही, आणि हे या कलाप्रकाराच्या प्रौढत्वाचे लक्षण आहे असे मानण्याचा प्रघात पडला आहे. तो तपासून पाहायला हवा, कारण या नायकांच्या ठायी जे असते त्याला दोष म्हटले जात असले तरी बहुतेक वेळा ती जखम असते. जखम दुसऱ्याने केलेली असते आणि तिच्यापोटी सहानुभूती मिळते; दोष मात्र नायकाच्या स्वतःच्या निर्णयातून जन्मतो, त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते, आणि ज्याने ती मोजली त्याला जाब विचारण्याचा हक्क पोहोचतो. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या नायकाबाबत सांगितलेली ‘हॅमर्शिया’, म्हणजे त्याचा नाश ओढवणारा प्रमाद, ही कल्पना या दुसऱ्या प्रकारात मोडते. आजच्या महानायकपटांचा भर पहिल्या प्रकारावर आहे.

अमेरिकी कॉमिक्समध्ये ही वाट एका दिवसात पडली नाही. १९६२ मध्ये अवतरलेल्या स्पायडरमॅनचा प्रमाद साधा पण खरा होता: पळून जाणाऱ्या चोराला त्याने अडवले नाही आणि त्याच चोराने पुढे त्याच्या काकाचा जीव घेतला. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’ (१९८६-८७) या बारा अंकी चित्रकादंबरीने मुखवट्यामागच्या माणसाला न्याय करण्याचा अधिकार दिला कोणी, हा प्रश्न शेवटपर्यंत ताणला. ख्रिस्तोफर नोलानच्या ‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) बॅटमॅन एका गुन्हेगाराला पकडण्यासाठी संपूर्ण शहराच्या फोनवर पाळत ठेवतो, पण यंत्रणेचा विध्वंस घडवून पटकथा तो हिशेब पाच मिनिटांत मिटवते. ‘वांडाव्हिजन’ (२०२१) या मालिकेत तर ही सवय उघडीच पडते. प्रियकराच्या मृत्यूने कोलमडलेली वांडा एका अख्ख्या गावाला आपल्या मायावी संसारात डांबते, तिथल्या माणसांना स्वतःची मुले, स्वतःची नावेही उरत नाहीत, आणि अखेरीस ती त्यांच्या संतप्त नजरांमधून चालत निघून जाते. मालिकेची करुणा मात्र तिच्या त्यागाकडे वळलेली राहते. याच्या उलट ‘द बॉइज’ (२०१९ पासून) ही मालिका पहिल्याच भागात वेगवान महानायकाच्या धडकेत चिंध्या झालेली तरुणी दाखवते आणि तिच्या प्रियकरापुढे भरपाईच्या बदल्यात मौन पाळण्याचा करार ठेवते. हा प्रसंग तिखट आहे, पण पुढे मालिका आपल्याच रक्तपाताच्या प्रेमात पडते, हेही खरे.

मराठी वाचकाला या चर्चेत नाशिकचे नाव अनपेक्षित वाटेल. तरीही पडद्यावरच्या दिव्य नायकाची भारतीय परंपरा आणि त्या नायकाला जाब विचारणारे मराठी नाटक या दोन्ही गोष्टींची मुळे याच जिल्ह्यात आहेत. त्र्यंबकेश्वरात १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत घडवला आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्यानंतर त्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलवले आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी तिथेच उभी राहिली. या कंपनीच्या ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली आहे. चित्रपटाच्या आरंभी ती केवळ एक मुलगी म्हणून कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखवते, आणि मग एका प्रतिमेत दुसरी विरघळवण्याच्या युक्तीने तिचा कृष्ण होतो. महानायक होण्याचा क्षण, म्हणजे साध्या माणसाचे शक्तिमान रूपात पालटणे, भारतीय पडद्यावर इतक्या लवकर आणि इतक्या निर्मळपणे दाखवला गेला, ही गोष्ट महानायकपटांच्या इतिहासात फारशी नोंदली जात नाही. तो कृष्ण लोणी चोरतो, खोड्या काढतो, आणि तरीही कालियाच्या फण्यावर नाचू शकतो; देवाच्या खोडीला लीला म्हणायचे असल्याने तिथे दोषाचा प्रश्नच उद्भवत नाही.

हरिश्चंद्राचे तसे नाही. त्याची सत्यनिष्ठा हीच त्याची अतिमानवी शक्ती, कारण त्या एका बळावर तो राज्य, ऋषी आणि मृत्यू या सर्वांपुढे उभा राहतो. पण विकली जाते ती तारामती आणि पोरका होतो तो रोहिदास. शेवटी देव प्रकट होऊन सारे काही परत देतात म्हणून ही कथा परीक्षेची ठरते. देव आले नसते तर ती काय ठरली असती, हे विचारण्याची सोय पौराणिक चित्रपटात नव्हती. ती सोय पुढे नाशिकच्या दोन नाटककारांनी करून घेतली.

त्यांपैकी एक वसंत कानेटकर, नाशिकच्या हंप्राठा महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक. शेक्सपिअर आणि ग्रीक शोकात्मिका हा त्यांच्या रोजच्या अध्यापनाचा भाग होता, आणि पुराण व इतिहास हा मराठी प्रेक्षकाच्या रक्तातला. या दोहोंच्या संगमातून त्यांची महत्त्वाची नाटके आली. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) मध्ये शिवाजी महाराज अजिंक्य सेनानी म्हणून येत नाहीत. राज्य उभे करताना मुलगा हातातून निसटला हे उशिरा ओळखणारा बाप म्हणून ते येतात. प्रधानमंडळ, सोयराबाई आणि संभाजी यांच्यामध्ये सापडलेल्या त्या बापाचे थोरपणच त्याच्या आड येते: राजा म्हणून जे योग्य, ते बाप म्हणून क्रूर ठरते, आणि दोन्ही भूमिका त्याला एकाच वेळी पार पाडायच्या असतात. साठ वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या रंगमंचावर हे मांडले गेले आणि प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले, ही बाब आजच्या हळव्या वातावरणात मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

‘मत्स्यगंधा’ (१९६४) त्याहून धीट आहे. भीष्म हा महाभारतातला खऱ्या अर्थाने महानायक, कारण व्रताच्या बदल्यात त्याला इच्छामरण, म्हणजे आपल्या मृत्यूची वेळ स्वतः ठरवण्याची शक्ती, मिळालेली असते. कीर्तनात आणि पाठ्यपुस्तकात ही प्रतिज्ञा त्यागाचा कळस म्हणून सांगितली जाते. कानेटकरांनी नाटकाच्या केंद्रस्थानी सत्यवतीला बसवले, पराशराकडून पोळलेल्या आणि म्हणून सत्तेचा हट्ट धरणाऱ्या स्त्रीला, आणि तिच्या बाजूने पाहिले की तीच प्रतिज्ञा वेगळी दिसू लागते: आपण निष्कलंक राहावे म्हणून एका माणसाने घेतलेला निर्णय, ज्याची फेड कुरुकुळातल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करत राहतात. सत्यवतीची जखम खरी आहे, पण नाटक तिला त्या जखमेच्या आडोशाला लपू देत नाही. तिने मागितलेल्या अटीचे फळ तिच्याच वंशाच्या वाट्याला येते आणि ते तिला डोळ्यांनी पाहावे लागते. वांडाच्या मालिकेला जे साधले नाही ते इथे जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलेल्या पदांच्या संगतीत, संगीत नाटकासारख्या रंजनप्रधान प्रकारात साधले आहे.

‘अश्रूंची झाली फुले’ (१९६६) हे कानेटकरांचे सर्वांत लोकप्रिय सामाजिक नाटक, आणि गुन्हेगारीकडे वळणाऱ्या सज्जनाचा मराठीतला ठसठशीत नमुना. ध्येयवादी प्राध्यापक विद्यानंद संस्थाचालकांच्या कारस्थानाने तुरुंगात जातो आणि बाहेर येतो तो सूडाने पेटलेला. दरम्यान त्याने ज्याला वळण लावले तो उडाणटप्पू विद्यार्थी लाल्या पोलीस अधिकारी झालेला असतो. रचनेचे सारे बळ या उलटापालटीत आहे. विद्यानंदवरचा अन्याय प्रेक्षकाने पाहिलेला असल्याने त्याच्या सूडाला टाळ्या मिळणार हे नाटककाराला ठाऊक आहे, आणि नेमक्या त्याच ठिकाणी त्याने समोर असा माणूस उभा केला आहे की ज्याला विद्यानंदनेच घडवले. म्हणजे गुरूचा न्याय गुरूच्याच शिकवणीने व्हायचा. प्रभाकर पणशीकरांचा विद्यानंद आणि काशिनाथ घाणेकरांचा लाल्या यांच्यात प्रेक्षकांचे प्रेम लाल्याकडे अधिक झुकले. घाणेकरांच्या झंझावाती वावराने लाल्याचा उनाडपणा इतका मोहक केला की दोषाचेच तेजोवलय झाले. नटाची लोकप्रियता दोषाला कसे दागिन्यात बदलते, याचे उदाहरण शोधायला त्यामुळे आयर्नमॅनपर्यंत जाण्याची गरज नाही. या नाटकावरून हिंदीत ‘आँसू बन गये फूल’ (१९६९) आणि यश चोप्रांचा ‘मशाल’ (१९८४) निघाले. ‘मशाल’मध्ये दिलीपकुमारचा संपादक रात्रीच्या रस्त्यावर मरणासन्न बायकोसाठी येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हाका मारतो, तो प्रसंग हिंदी चित्रपटातल्या थोर अभिनयात मोडतो, पण त्याच प्रसंगाने नायकाच्या पुढच्या काळ्या धंद्यांना आगाऊ माफीही मिळवून दिली. चित्रपटाने जखम मोठी केली आणि तेवढा दोष लहान झाला.

दुसरे नाटककार वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज. तरुणपणी नाशिकच्या गोदावरी सिनेटोनच्या ‘सती सुलोचना’ या पौराणिक बोलपटाशी लेखक आणि नट म्हणून त्यांचा संबंध आला आणि त्यात त्यांनी लक्ष्मणाची भूमिका केली. सुलोचना ही इंद्रजिताची पत्नी, आणि इंद्रजिताला मारणारा लक्ष्मण. शत्रूच्या विधवेच्या नजरेतून नायकाकडे पाहण्याची संधी त्या कथेतच दडलेली आहे. ज्या गावाच्या तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले अशी लोकश्रद्धा आहे, त्या गावात राहून शिरवाडकरांनी पुढे कर्णावर ‘कौंतेय’, ययातीवर ‘ययाति आणि देवयानी’ आणि १९७० मध्ये ‘नटसम्राट’ लिहिले. त्या नाटकाचे नायक, नट गणपतराव बेलवलकर यांच्याकडे कवचकुंडले नाहीत, दिव्यास्त्रे नाहीत; त्यांच्यापाशी आहे ती वाणी, आणि त्या वाणीने हजारोंना जिंकलेला हा माणूस घरातही प्रेक्षागृह असल्यासारखा वागतो. सर्वस्व वाटून टाकण्याच्या त्यांच्या औदार्यातही टाळीची अपेक्षा मिसळलेली आहे. मुले वाईट वागतात हे उघड, पण नाटक एवढ्यावर थांबत नाही. बापाचा आत्मगौरव घरात किती जागा व्यापतो हेही ते दाखवते. त्यांची पत्नी कावेरी हे सारे ओळखते आणि आपल्या मृदू स्वरात वेळोवेळी बोलून दाखवते. महेश मांजरेकरांच्या २०१६ च्या चित्रपटात नाना पाटेकरांचा आवेश इतका प्रभावी आहे की बेलवलकर छळल्या गेलेल्या म्हाताऱ्या बापांचे प्रतिनिधी झाले आणि त्यांच्या स्वभावाची तपासणी मागे पडली.

जखमेचा हा विजय परदेशातून आयात झालेला नाही, हे इथे नमूद करणे न्याय्य होईल. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) ही कादंबरी मराठी घराघरांत पोहोचली ती कर्णाच्या उपेक्षेच्या बळावर. द्यूतसभेत द्रौपदीविषयी तो जे बोलला त्याचा भार त्या उपेक्षेपुढे वाचकाला हलका वाटू लागला, आणि आजही शाळकरी वक्तृत्व स्पर्धेतला कर्ण हा बहुतांशी सावंतांचाच असतो. याच लेखकाच्या ‘छावा’ (१९७९) या कादंबरीवर लक्ष्मण उतेकरांनी २०२५ मध्ये त्याच नावाचा हिंदी चित्रपट केला, त्याची कथा १६८१ च्या बुऱ्हाणपूरच्या छाप्याच्या सुमारास हाती घेतलेली असल्यामुळे १६७८ मध्ये संभाजीराजे मुघल सरदार दिलेरखानाकडे गेले तो पेचाचा अध्याय चौकटीच्या बाहेर राहतो. कानेटकरांना नेमक्या त्या बापलेकांच्या दुराव्यातच नाटक दिसले होते. ‘फर्जंद’ (२०१८) ते ‘सुभेदार’ (२०२३) या दिग्पाल लांजेकरांच्या शिवकालीन चित्रपटांच्या मालिकेत शौर्य, स्वामिनिष्ठा आणि बलिदान यांचे चित्रण उत्साहाने होते, पण तिथला प्रत्येक मावळा संस्कृत नाट्यशास्त्रातल्या धीरोदात्त नायकाच्या, म्हणजे गंभीर, क्षमाशील आणि निश्चयी नायकाच्या, एकाच साच्यातून काढलेला वाटतो. मतभेद होतात ते शत्रूशी किंवा फितुराशी; आपल्याच माणसाशी, दोघेही बरोबर असताना, होत नाहीत.

मुखवट्याचा महानायक मराठीत क्वचितच आला आहे. निखिल महाजन यांच्या ‘बाजी’ने (२०१५) श्रेयस तळपदेला घेऊन तो प्रयोग केला, दृश्यरूपात मेहनतही घेतली, पण नायकाच्या मनात द्वंद्व उभे करायला पटकथेला सवड मिळाली नाही. सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतार’मध्ये (२०२५) दिलीप प्रभावळकरांचा वृद्ध दशावतारी कलावंत बाबुली मुलावर झालेल्या अन्यायानंतर सोंगांच्या आधाराने उभा राहतो. वेष, दुहेरी ओळख आणि कायद्याबाहेरचा न्याय ही महानायकपटाची सारी सामग्री इथे परक्या अनुकरणाशिवाय, कोकणच्या मातीतून आली आहे, आणि हे या चित्रपटाचे मोठे यश आहे. परंतु मुलाचे दुःख आणि अवताराचे पावित्र्य अशी दोन कवचे बाबुलीला एकाच वेळी मिळाल्याने तो न्याय करतो की सूड उगवतो, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात रुजण्याआधीच टाळ्यांत विरतो. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’चा (२०१८) राहुल त्या मानाने अधिक अस्वस्थ करतो, कारण जमीन गेल्याची जखम आणि हातात घेतलेले हत्यार यांमधले अंतर तो चित्रपट बऱ्याच ठिकाणी बुजवू देत नाही.

मराठी महानायकपटातली उणीव पैशाची किंवा तंत्राची आहे असे निर्माते सांगतात, आणि उडत्या नायकाच्या बाबतीत ते खरेही असेल. दोष दाखवायला मात्र एवढा खर्च लागत नाही. नायकावर प्रेम करणारे, त्याच्या निर्णयाचे चटके सोसलेले आणि त्याच्या तोंडावर बोलण्याइतके जवळचे एक पात्र लागते. कानेटकरांपाशी लाल्या होता, सत्यवती होती. शिरवाडकरांपाशी कावेरी होती. ‘बाजी’ आणि ‘दशावतार’ या दोन्ही पटकथांत ही जागा रिकामी आहे, आणि शिवकालीन चित्रपटांत ती भरण्याची हिंमत सध्या कोणी करेल असे दिसत नाही.