चोपचिनी आणि वैद्यकपोथ्यांचा काळ

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधिसंवादांचा ग्रंथ इ. स. १५६३ मध्यें गोव्यांत छापला गेला. पोथ्यांचा काळ ठरविण्याच्या कामीं त्याचा व्हावा तितका उपयोग होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

अरब-इराणी व चिनी वैद्यकांची देवघेव जुनी आहे. इ. स. १३१३ च्या सुमारास रशीदुद्दीनानें तब्रीझ येथें चिनी वैद्यकाचें फारसी भाषांतर करविलें होतें. या देवघेवीचा आपल्या किनाऱ्यावरील पुढील टप्पा ओर्ताच्या ग्रंथांत दिसतो. तो १५३४ मध्यें गोव्यास आला. अरबी वैद्यकाचा त्याचा व्यासंग होता, व अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशीं त्याचा स्नेह होता. चोपचिनीची मुळी १५३५ च्या सुमारास चीनकडून आली व फिरंगरोगावर चालूं लागली, असें तो सांगतो. वस्तु चिनी, पण नांव फारसी : चोब-इ-चीनी, म्हणजे चिनी लांकूड. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत तीच द्वीपांतरवचा झाली.

मात्र केवळ नांवावर विसंबतां येत नाहीं. दालचिनीच्या नांवांतहि चीन आहे, पण माल सिंहलद्वीपाचा. चिनी व्यापारी तो होर्मुझास नेत, म्हणून हें नांव पडलें, अशी ओर्ताची उपपत्ति आहे. कबाबचिनी तर जावा बेटाची. तात्पर्य, नांवावरून मालाची वाट कळते, जन्मभूमि कळतेच असें नाहीं.

ओर्ताची साक्षहि पारखून घेतली पाहिजे. मुळीच्या गोव्यांतील आगमनाच्या वेळीं तो या देशांत होता. चीन मात्र त्यानें पाहिला नव्हता, तेथील हकीकत ऐकीव आहे. यास्तव पहिली साक्ष ग्राह्य, दुसरी सावधपणें घ्यावी.

यावरून एक कसोटी हातीं येते. ज्या पोथीच्या मूळ पाठांतच चोपचिनी आहे, ती रचना यादवकालीन म्हणतां येणार नाहीं, मग संग्राहकास कितीहि वाईट वाटो. उलट, ती नोंद समासांत वा निराळ्या हस्ताक्षरांत असेल, तर तेवढ्यावरून मूळ ग्रंथ अर्वाचीन ठरवूं नये.

आम्ही हें भिवापुराहून लिहीत आहों. येथील मिरची या मातींतलीच वाटते; पण तीहि मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या मार्गें आलेली. अंगवळणी पडलेली वस्तु प्राचीन असतेच असें नाहीं. आपल्या दप्तरांतील वैद्यकपोथ्यांत चोपचिनी कोणत्या पानावर, कोणत्या हातानें लिहिली आहे, तें संग्राहकांनीं पाहून कळवावें, ही विनंति.