वर्णश्रवण आणि अक्षरवाचन : एक चिकित्सा

शब्दातील ध्वनी सुटे ऐकणे व ते पुन्हा जोडणे हा वाचनाचा पाया होय, ही उपपत्ती मुख्यत्वे इंग्रजीच्या अध्यापनातून पुढे आली. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० सालच्या अहवालाने तीस बळ दिले. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानेही ध्वनिजाणिवेस प्रारंभिक साक्षरतेत स्थान दिले. उपपत्ती ग्राह्यच आहे. परंतु मराठीत आरंभ कोणत्या घटकापासून करावा, हे स्वतंत्रपणे ठरविले पाहिजे.

मराठी लेखनाचा घटक वर्ण नसून अक्षर आहे. ‘कि’मधील वेलांटी डोळ्यास आधी दिसते, कानास मात्र मागाहून ऐकू येते. ‘चाक’ व ‘चार’ यांतील च लेखनात एकच, उच्चारात भिन्न. ‘कमळ’ वाचताना मूल क, म, ळ ही तिन्ही अक्षरे अकारासह म्हणते. बोलण्यात अखेरचा अकार नसतो. ‘करवत’मध्ये तर मधल्या ‘र’चाही अकार लोपतो. सबब अक्षरे कितीही भरभर जोडली, तरी ओळखीचा शब्द हाती लागेलच असे नाही.

छत्रपती संभाजीनगरात मराठीप्रमाणेच उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. उर्दूत ‘कमल’ हा शब्द काफ, मीम, लाम एवढाच लिहितात. ऱ्हस्व स्वर वाचकाने घालावयाचा. मराठीत अक्षरात गृहीत असलेला स्वर वाचकाने प्रसंगी गाळावयाचा. दोन्हीकडे निवाडा करतो तो कानातला परिचित शब्द.

सोनाली नाग यांच्या २००७ सालच्या कन्नडविषयक अभ्यासात मुलांना अक्षराची जाण आधी व सुट्या वर्णाची जाण बरीच उशिरा येते, असे दिसून आले. कन्नडही अक्षरलिपीच असल्याने हा निष्कर्ष आपणांस उपेक्षणीय नाही. म्हणून प्रथम तोंडी शब्दांची अक्षरे पाडावीत, ती जोडून शब्द ओळखावयास लावावेत आणि मग वर्णाकडे वळावे. या वळणावर बाराखडी उपयोगी पडते : का, की, कू यांत स्थिर काय राहिले व पालटले काय, हे मुलास ऐकविले की वर्णविश्लेषण आपोआप सुरू होते. दोष बाराखडीचा नाही. ती न ऐकता घोकविण्याचा आहे.

क-म-ळ असे अचूक म्हणूनही ज्यास कमळ दिसत नाही, त्या मुलास आपण सहज ‘मंद’ म्हणतो. वस्तुतः त्याने शिकविलेले सर्व केलेले असते. शिकवावयाचे राहिलेले असते ते आपले.