रमाबाईंची अमेरिका आणि तेथील परंपरानिष्ठेचा उदय

पंडिता रमाबाई यांचा ‘यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ १८८९ साली प्रसिद्ध झाला. मराठी समीक्षेने त्याची दखल मुख्यतः दोन नात्यांनी घेतली : प्रवासवर्णन म्हणून आणि स्त्रीसुधारणेच्या इतिहासाचे साधन म्हणून. दोन्ही नाती यथार्थ आहेत. परंतु ज्या देशाची लोकस्थिती या ग्रंथाने वर्णिली, त्याच देशात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परंपरानिष्ठ राजकारण प्रबळ झाले. ही घटना ध्यानी घेऊन ग्रंथ पुन्हा वाचला असता एक प्रश्न उभा राहतो. रमाबाईंनी पाहिलेल्या अमेरिकेत या उदयाची बीजे होती काय. आणि असल्यास ती त्यांच्या नजरेतून का निसटली?

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागास अमेरिका सर्वस्वी अपरिचित नव्हती. बॉस्टनहून चालणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे एक ठाणे शिरूर येथे एकोणिसाव्या शतकातच होते. या टापूत अमेरिका आली ती धर्मोपदेशकाच्या वेषात. रमाबाईंच्या ग्रंथात ती येते ती स्वतंत्र नागरिकांचा देश म्हणून. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेलेल्या रमाबाई १८८८ च्या अखेरीपर्यंत त्या देशात हिंडल्या. राज्यपद्धती, शिक्षण, धर्मपंथ, परोपकारी संस्था व स्त्रियांची स्थिती यांचे त्यांनी केलेले निरूपण केवळ स्तुतिपर नाही. कृष्णवर्णीय व मूळ रहिवासी यांच्याविषयीचा गोऱ्यांचा दुजाभाव त्यांनी स्पष्ट दाखविला आहे. तथापि स्त्रियांच्या उन्नतीस झालेला विरोध त्यांच्या मांडणीत मागे पडत चाललेल्या काळाचा अवशेष म्हणून येतो. परंपरा ही भूतकाळाची, सुधारणा ही भविष्याची, असे त्यांचे गृहीत आहे. शास्त्राधार व पुरोहितवर्ग यांच्या बळावर उभी असलेली रूढी ज्यांनी स्वदेशी अनुभवली, त्यांना असे वाटणे स्वाभाविकच होते.

या गृहीताची मर्यादा ग्रंथातील स्त्रीसंघटनांच्या वर्णनात विशेष जाणवते. ‘विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन’ या मद्यपाननिषेधक संघाविषयी रमाबाई अत्यंत आदराने लिहितात. त्याच्या अध्यक्ष फ्रान्सिस विलर्ड यांनी स्त्रीमताधिकाराची मागणी ‘गृहरक्षणा’च्या तत्त्वावर मांडली होती. दारूमुळे घर मोडते. म्हणून घर राखणाऱ्या स्त्रीला मत हवे, असा तो युक्तिवाद. त्याने मताधिकाराकडे अशा सहस्रावधी स्त्रिया वळविल्या, ज्यांना समान हक्कांची तात्त्विक भाषा रुचली नसती. त्याचे सामर्थ्य यातच होते. पण त्याचा धोकाही यातच होता. हक्काचा आधार स्त्रीचे माणूसपण नसून तिचे गृहिणीपद आहे, असे एकदा मानले की त्याच आधारावर हक्क नाकारताही येतो.

पुढील इतिहासाने हे दाखवून दिले. रसेल कर्क यांच्या १९५३ च्या ग्रंथाने परंपरानिष्ठेला वैचारिक वंशावळ मिळवून दिली. १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत बॅरी गोल्डवॉटर यांचा दारुण पराभव झाला, तरी त्यातून उभे राहिलेले कार्यकर्ते टिकले. १९७२ मध्ये काँग्रेसने संमत केलेल्या समान हक्क दुरुस्तीविरुद्ध फिलिस श्लॅफ्ली यांनी गृहिणींचीच चळवळ उभारली, आणि १९८२ मध्ये मुदत संपून ती दुरुस्ती बारगळली. १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ स्थापन झाली. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन निवडून आले. गावोगावच्या शाखा, पत्रके, सभा, चर्चचा आश्रय व घराच्या नावाने केलेले आवाहन ही सारी साधने रमाबाईंनी वाखाणलेल्या संघाचीच होती. साधने तीच राहिली. साध्य मात्र उलटले.

रमाबाईंचे उत्तरायुष्य या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्यांच्या साहाय्यार्थ १८८७ मध्ये बॉस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने शारदासदनासाठी धर्मनिरपेक्षतेची अट घातली होती. १८९३ मध्ये पुण्यात धर्मांतरावरून वादळ उठले, न्या. रानडे व डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले. पुढे आजच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे उघडपणे ख्रिस्ती असे मुक्तिसदन उभे राहिले. तेथे १९०५ मध्ये जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्याची हकीकत रमाबाईंच्या अमेरिकन सहकारी मिनी अब्राम्स यांनी पुस्तिकेद्वारे दूरवर पोचविली, आणि पेंटेकोस्टल पंथाच्या इतिहासात केडगावचे नाव कायमचे नोंदले गेले. याच धार्मिक प्रवाहाशी जवळीक असलेले पॅट रॉबर्टसन १९८८ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले.

यावरून केडगाव ते रेगन अशी सरळ रेषा ओढणे मात्र अनैतिहासिक ठरेल. आरंभीच्या पेंटेकोस्टल सभांत गोरे व काळे एकत्र बसत, स्त्रिया उपदेश करीत. राजकारणाविषयी त्या बहुधा उदासीन होत्या. मुक्तिसदनात तर दुष्काळातून वाचविलेल्या स्त्रियांना अक्षरओळख व हातास काम मिळाले. धर्मश्रद्धा, गृहनिष्ठा व स्वयंसेवी संघटना यांपैकी एकही शक्ती स्वभावतः पुरोगामी वा प्रतिगामी नसते. ती कोणाच्या हाती, कोणत्या मागणीसाठी जाते यावर तिची दिशा ठरते, एवढाच निष्कर्ष येथे निघतो.

रमाबाईंच्या ग्रंथाची उणीव नेमकी ही आहे की परंपरानिष्ठाही सुधारणेइतकीच आधुनिक असू शकते, हे त्यात उमगलेले नाही. त्याचा प्रत्यय त्यांना दूर जाऊन घ्यावा लागला नाही. ग्रंथप्रकाशनानंतर दोनच वर्षांनी, १८९१ च्या संमतिवयाच्या वादात, पुण्यातील विरोधकांनी पोथीबरोबर वृत्तपत्र व जाहीर सभाही हाती घेतली. तेथे रूढी जुनी होती, तिचा पुरस्कार मात्र अगदी नवा होता. अमेरिकेतील परंपरानिष्ठेचा अभ्यास करू पाहणाऱ्या मराठी अभ्यासकास रमाबाईंचा ग्रंथ म्हणूनच दुहेरी उपयोगाचा आहे : त्यातील निरीक्षणांसाठी, आणि त्या निरीक्षणांतून त्यांना काढता न आलेल्या निष्कर्षांसाठी.