साक्षीचा पिंजरा

विजय तेंडुलकरांचें 'शांतता! कोर्ट चालू आहे' हें नाटक १९६७ सालीं रंगभूमीवर आलें, आणि तेव्हांपासून त्याची वाखाणणी बहुधा एकाच अंगानें होत आली आहे : पांढरपेशा समाजाच्या क्रौर्यावरील उपरोध. ही वाखाणणी खोटी नव्हे. परंतु तिच्यामुळें नाटकांतील न्यायसभेची रचना टीकाकारांच्या दृष्टीआड राहिली, असें आम्हांस वाटतें.

हौशी नटांच्या या लटक्या सभेंत न्यायाधीश आहे, वकील आहे, साक्षीदार आहेत, आरोपीचा पिंजरा आहे. जिच्यावर अन्याय झाला तिला मात्र त्या पिंजऱ्याखेरीज दुसरी जागा नाहीं. लीला बेणारेला पोरवयांत सख्ख्या मामानें फसविलें. आजच्या कायद्यानें ती गुन्ह्याची बळी ठरेल. सभेंत तीच हकीकत तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडली जाते. प्रोफेसर दामले तर रंगमंचावर येतच नाहीं, आणि त्याला आरोपी करावें असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. नाटककाराची तीक्ष्ण नजर दिसते ती येथें.

शेवटीं काशीकर तिला बोलण्यास दहा सेकंद देतात. भोंवतालचीं माणसें थिजतात आणि ती प्रेक्षकांपुढें मन मोकळें करते. या स्वगताची कीर्ति मोठी आहे. आमचें मत थोडें निराळें आहे. खऱ्या कोर्टांत पीडिताला असें बोलतां येत नाहीं. त्याला उत्तरें द्यावयाचीं असतात, तींही दुसऱ्यानें निवडलेल्या प्रश्नांचीं.

याचें उदाहरण दूर शोधावयास नको. १९७२ च्या मार्चमध्यें, तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंज येथें, भावाच्या तक्रारीवरून पोलीस ठाण्यांत नेलेल्या एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोघां पोलिसांवर आला. १९७४ सालीं सत्र न्यायालयानें त्यांना सोडलें आणि मुलीला खोटें बोलणारी ठरविलें. १९७६ सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्यांना दोषी धरलें, आणि १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां सोडलें. अंगावर जखमेची खूण नाहीं, हें त्या निकालाचें एक मुख्य कारण. मुलीचें पूर्वीचें वर्तन तिन्ही पायऱ्यांवर कागदावर चढलें होतें. सुखात्मे वकिलांना तें वाचून आनंद झाला असता.

या निकालावर १९७९ सालीं कायद्याच्या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस खुलें पत्र लिहिलें. उपेंद्र बक्षी व लोतिका सरकार यांच्या जोडीला त्यांत वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर होते. पत्र इंग्रजींत आहे, तरी आम्ही त्याला उत्तम टीकालेख म्हणूं. निकालाचा एकेक शब्द उलगडून, संमति निराळी आणि नाइलाजानें मान तुकविणें निराळें, हा भेद त्यांनीं दाखविला. चळवळ उभी राहिली, आणि १९८३ सालीं कायदा बदलला.

कलम बदललें तरी सभेची मांडणी सहसा हलत नाहीं. कात्रजच्या घाटाखालीं राहणारी एखादी बाई लुटली गेली कीं फिर्याद तिची. पण खटला होतो तो सरकार विरुद्ध अमुक असा. मथळ्यांत तिचें नांव नाहीं. सारें पुणें ओलांडून शिवाजीनगरच्या न्यायालयांत तिनें यावयाचें तें साक्षीदार म्हणून, आणि तारीख पुढें गेली तर परत कात्रजची बस धरावयाची. अलीकडे कांहीं फरक पडला आहे खरा. नुकसानभरपाईच्या योजनेची तरतूद २००९ अखेर अमलांत आली. कारवाईच्या प्रत्येक टप्प्यावर पीडिताला बाजू मांडतां आली पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं सांगितलें. आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनें तपासाची प्रगति ९० दिवसांच्या आंत तिला कळविण्याचें बंधन पोलिसांवर घातलें. हें थोडें नव्हे. मात्र पत्र घरीं येणें आणि सभेंत जागा मिळणें यांत अंतर आहे.

म्हणून हें नाटक नव्यानें बसविणाऱ्यांस एक सूचना कराविशी वाटते. स्वगताला कात्री लावूं नये. परंतु बेणारे बोलत असतां सभेंतील मंडळींस थिजवून ठेवूं नये. कोणी कागद चाळावे, कोणी घड्याळ पाहावें, काशीकरांनीं स्वस्थ कान कोरीत बसावें. शिक्षा त्यांना त्यानंतर सुनवावयाचीच आहे.