लोमे करारातला ‘बेमुदत’

लोमे कराराचं कौतुक तुम्ही वाचलं असेल. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी टोगोच्या राजधानीत युरोपीय आर्थिक समुदायाच्या ९ देशांनी आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या ४६ देशांशी तो केला. श्रीमंत आणि गरीब देशांच्या बरोबरीच्या नात्याचा नमुना, असं त्याचं वर्णन होतं. मला आज बोलायचंय ते त्याला जोडलेल्या साखरेच्या प्रोटोकॉलवर. करार हाही शेवटी लिहिलेला मजकूरच. तो मजकुरासारखाच वाचूया.

पहिल्याच कलमात युरोप सांगतो, ठरावीक साखर हमी भावाने बेमुदत विकत घेऊ. १९७४च्या अखेरीस जगात साखर कडाडली होती. तरीही या देशांनी चढा भाव सोडून उद्याची शाश्वती पत्करली. त्यात शहाणपण होतं. सर्वांत मोठा कोटा मॉरिशसला मिळाला, जवळपास पाच लाख टन. (तिथल्या उसाच्या मळ्यांत आपल्या कोकणातूनही मजूर गेले होते, त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात.) साखरेच्या या पैशातून पुढे तयार कपड्यांच्या कारखान्यांना भांडवल मिळालं, हेही मान्य करायला हवं.

पण दहावं कलम बघा. दोन वर्षांची नोटीस द्या आणि मोकळे व्हा! म्हणजे ‘बेमुदत’चा अर्थ ‘कायम’ नव्हताच. आपल्याकडे बेमुदत संपावर बसणाऱ्यालाही ठाऊक असतं, की हा कधीतरी मिटणार. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि थायलंडने जागतिक व्यापार संघटनेत युरोपच्या साखर-अनुदानाविरुद्ध दावा जिंकला. मग २००६पासून युरोपने चार वर्षांत भाव ३६ टक्के उतरवायला घेतला, २००७मध्ये नोटीस दिली आणि २००९मध्ये प्रोटोकॉल संपला. नियमांत बोट ठेवायला कुठेही जागा नाही.

माझा आक्षेप त्या समानतेवरच आहे. नोटीस देण्याचा हक्क दोघांनाही, अगदी सारखा. युरोपकडे घरची बीटची साखर होती. मॉरिशसने नोटीस देऊन जायचं कुठे?

आणि आणखी एक. कोट्यातली साखर मुख्यतः कच्चीच जायची, तिचं शुद्धीकरण व्हायचं ब्रिटनमधल्या कारखान्यांत. भाव सुरक्षित होता, तेव्हा माल बदलायची घाई कोणाला? पांढरी शुद्ध साखर मोठ्या प्रमाणावर करायला मॉरिशस लागला, तो प्रोटोकॉल गेल्यावर.