रेघ कुठे संपते, करडा कुठे सुरू होतो?

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिल्या असतील, तर ही यादी तुम्हाला अजून पाठ असेल: बिंदू, रेषा, आकार, रंग, छायाभेद, पोत, अवकाश. चित्राचे मूलघटक. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांसारखे शेजारी शेजारी, पण वेगवेगळे. चित्र काढायचं म्हणजे प्रत्येक वाटीतलं थोडं थोडं घ्यायचं.

शिकवायला यादी सोयीची आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हीच यादी घेऊन चित्रांबद्दल लिहिणाऱ्यांची. ज्यांच्यामुळे ती खटकायला लागली, त्या चित्रकार म्हणजे नसरीन मोहमदी.

ओळख थोडक्यात. जन्म 1937, कराची. शिक्षण लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये, नंतर काही काळ पॅरिस. 1972 पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन. मृत्यू 1990 मध्ये, आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. सत्तरच्या दशकापासूनची त्यांची बहुतेक चित्रं कागदावर, शाई आणि पेन्सिलीनं, आर्किटेक्टच्या टेबलावर असतात तसल्या अवजारांनी काढलेली. माणसं नाहीत, झाडं नाहीत, रंग जवळजवळ नाही. आणि म्हणून त्यांच्यावरच्या लेखनात एक वाक्य या ना त्या रूपात येतंच: नसरीन यांनी सगळं टाकून दिलं आणि फक्त रेषा ठेवली.

हे वाक्य ऐकायला छान आहे. पण ते चूक आहे असं मला वाटतं, आणि का ते तुम्ही घरी बसून तपासू शकता.

एक कोरा कागद घ्या. खालच्या कडेपासून पट्टीनं आडव्या रेघा मारत वर चला. पहिलं अंतर 10 मिलीमीटर, मग 9, मग 8, असं कमी करत 1 मिलीमीटरपर्यंत या. आता बघा. कागद मागे झुकल्यासारखा दिसेल. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून रुळांमधले स्लीपर पाहावेत तसा. सावली दिली नाही, दूर जाऊन एका बिंदूत मिळणाऱ्या रेषा नाहीत, तरी खोली आली. जेम्स गिब्सन या मानसशास्त्रज्ञानं 1950 च्या पुस्तकात हेच मांडलं होतं: जमिनीचा पोत दूर जाताना दाट होत जातो, आणि तो दाट होण्याचा क्रम डोळा अंतर म्हणून वाचतो. म्हणजे तुम्ही मारलेल्या रेघांनी पोत झाला आणि त्या पोताचा अवकाश झाला. डब्यातल्या तीन वाट्या एकाच पेन्सिलीनं एकमेकींत ओतल्या.

आता तोच कागद भिंतीला चिकटवा आणि तीन मीटर मागे जा. चांगल्या नजरेच्या माणसाला दोन रेघा सुट्या दिसायला त्यांच्यामधल्या फटीनं डोळ्याशी साधारण एक कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, कोन करावा लागतो. तीन मीटरवर ही फट जवळपास एक मिलीमीटर भरते. त्याहून अरुंद असेल तर रेघा संपल्या, करडा रंग सुरू झाला. वरच्या पट्ट्यात छायाभेद तयार झाला, आणि तो तुम्ही कागदावर काढलेलाच नाही! दोन पावलं पुढे या, तो परत रेघा होतो.

नसरीन यांची जाळ्यांची चित्रं मी याच दृष्टीनं वाचते. त्यांत रेघा कुठे दाट, कुठे विरळ. शाईचा भार कुठे जास्त, कुठे इतका कमी की रेघ कागदात विरते. लांबून चित्र म्हणजे करड्या वस्त्राचा झोळ. जवळ आलात की त्याच्या सुट्या काड्या. चित्रं फार मोठीही नाहीत, त्यामुळे पुढे-मागे होणं तुम्हाला टाळता येत नाही. अशा चित्रात रेषा हा ‘घटक’ आहे की छायाभेद, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. यादीत अंतराला जागाच नाही.

गंमत म्हणजे यादीच्या पूर्वजाला हे ठाऊक होतं. बाउहाउसमध्ये शिकवणाऱ्या कांदिन्स्कीच्या 1926 च्या पुस्तकात बिंदू सरकला की रेषा होते आणि रेषेतून पृष्ठ घडतं. तिथे घटक एकमेकांत बदलतात. क्रमिक पुस्तकापर्यंत येता येता नावं टिकली, बदलणं गळालं.

मोबाइलवर तर घोटाळा वाढतो. बारीक रेघा पडद्याच्या ठिपक्यांशी जुळत नाहीत आणि चित्रात नसलेल्या लाटा उमटतात. तुम्ही आत्ता शोधून एखादं चित्र उघडलंत आणि त्यात चमकते पट्टे दिसले, तर ते नसरीन यांचे नव्हेत.

‘भारतातल्या अ‍ॅग्नेस मार्टिन’ हे बिरुद याच आळसातून आलंय. दोघींकडे जाळी आहे, मान्य. पण मार्टिन यांच्या सहा फुटी चौरस कॅनव्हासवरची जाळी तुमच्यासमोर सरळ उभी राहते. नसरीन यांची जाळी कलते, तिरपी होते, कागदाच्या एका कडेनं निसटते. दुसरी सवय आजारपणाची. शेवटच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजारानं त्यांच्या हालचालींवरचा ताबा सुटत गेला, हे खरं. पण ‘थरथरता हात, तरी सरळ रेघ’ म्हटलं की आपण हाताचं कौतुक करतो आणि कागद बघायचं राहून जातं.

ऐंशीच्या दशकातली चित्रं मला जाळ्यांपेक्षा जास्त भावतात. चार-दोन तिरप्या रेघा, एखादी कमान, बाकी कागद रिकामा. इथे दाटीचा आधारच काढून घेतलाय, तरी रेघा तरंगतात आणि मागचा पांढरा कागद हवेसारखा वागतो. फक्त ‘ऐंशीच्या दशकातली’ म्हणताना मी जरा चाचरते. नसरीन यांनी बहुतेक चित्रांना शीर्षक दिलं नाही, तारीखही घातली नाही. त्यामुळे आधी जाळी, मग तिरप्या रेघा, मग वर्तुळं हा क्रम बराचसा रूपावरून लावलेला आहे. आणि त्याच क्रमाच्या जोरावर पुन्हा लिहिलं जातं की त्या टप्प्याटप्प्यानं घटक कमी करत गेल्या. रूपावरून तारीख, तारखेवरून रूपाचा प्रवास! पुढच्या वेळी त्यांच्यावरचा लेख वाचाल तेव्हा प्रत्येक चित्राखालच्या सालाआधी ‘सुमारे’ आहे का, ते तेवढं बघा.