मराठी ख्रिस्ती कीर्तन : परंपरा, प्रयोग आणि आजची स्थिती

ख्रिस्ती कीर्तन हा मराठी कीर्तनपरंपरेचा फारसा चर्चेत न आलेला फाटा आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि आसपासच्या जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो रुजला. नमन, पद, निरूपण आणि आख्यान हा साचा नारदीय कीर्तनाचा. विषय पवित्र शास्त्रातला. टाळ, चिपळ्या, मृदंग किंवा तबला आणि पेटी एवढ्या साथीवर एक माणूस उभा राहून गातो, सांगतो, हसवतो आणि प्रसंगी श्रोत्यांना खडसावतोही. या कलेचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न नेहमी समोर येतात. भक्ती आणि प्रयोग यांचा मेळ कीर्तनकार कसा घालतो? आणि ज्या आशेचा तो उच्चार करतो, ती श्रोत्यांच्या जगण्याशी कितपत जुळते?

या परंपरेची पूर्वपीठिका गोव्यात सापडते. 1579 मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराणश्रवणाची सवय होती. स्टीफन्स यांनी ती सवय मोडायला न लावता तिलाच नवा आशय दिला. ओवी मोठ्याने म्हणायची असते, आणि या पुराणाचे वाचनही समूहात, सुरावर होत असे. मात्र 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला आणि गोव्यातील मराठी-कोकणी ख्रिस्ती वाङ्मयाची वाढ खुंटली. पुढच्या घडामोडी घाटावर, वेगळ्या पंथाच्या लोकांत आणि दोन शतकांनी झाल्या, म्हणून स्टीफन्स आणि नगरचे कीर्तनकार यांना एका सलग परंपरेत बसवता येत नाही. साम्य आहे ते मार्गाचे: श्रोत्यांच्या कानात आधीपासून असलेला छंद दोघांनीही उचलला.

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 मध्ये आणि नगरला 1831 मध्ये सुरू झाले. आरंभीची मराठी उपासनागीते बहुधा इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि ती पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. मराठी शब्दांचे आघात त्या चालींत नीट बसत नसत. ऱ्हस्व अक्षर लांबे, दीर्घ आखडे. कृष्णाजी रत्नाजी सांगळे (1834–1908) यांनी रागदारीवर आणि देशी वृत्तांवर आधारलेली पदे रचून ही अडचण दूर केली. ख्रिस्ती कीर्तनाच्या आद्य प्रवर्तकांत त्यांचे नाव घेतले जाते. 1876–78 च्या दुष्काळानंतर नगर भागातील मंडळ्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांतील बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातून आलेले, अक्षरओळख नसलेले होते. त्यांना शास्त्र शिकवण्याचे सर्वांत सोपे साधन गाणे हेच होते. शिवाय यांतल्या अनेक घरांत डफ-हलगी वाजवण्याची आणि तमाशा-गोंधळात गाण्याची पिढीजात सवय होती. मंडळीच्या गायनात लोकसंगीताची लय आली ती या घरांतून. नारदीय कीर्तनाचे शिष्ट वळण आणि गावकुसाबाहेरची ठेकेदार गायकी यांचा संगम हे ख्रिस्ती कीर्तनाचे खास वैशिष्ट्य. त्याची नोंद मात्र अभ्यासकांनी फारच कमी घेतली.

नारायण वामन टिळक (1861–1919) यांच्या रचनांनी या परंपरेला काव्याची उंची दिली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर ते नगरला आले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत आणि भजनांत हे नाते स्पष्ट दिसते: देवाशी सलगी, स्वतःच्या उणेपणाची कबुली, हट्ट आणि शेवटी शरणागती. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हयातीत अपुरे राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी ते पूर्ण केले आणि 1938 मध्ये ते प्रसिद्ध झाले. 1917 मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावावेत, अशी त्यांची कल्पना होती. त्यांच्या गीतांतील आशेचा अर्थ या प्रयत्नाच्या प्रकाशात नीट कळतो. मरणोत्तर सुखापेक्षा माणसामाणसांतील भिंती पडण्यावर तिचा भर आहे.

बायबलकथा गाऊन सांगण्याचा असाच प्रयोग तंजावरात नगरच्या आधीच झाला होता. सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द 1798–1832) यांचे सहाध्यायी वेदनायगम शास्त्रियार (1774–1864) यांनी ‘बेथलेहेम कुरवंजी’सारख्या तमिळ रचना केल्या आणि कथाकालक्षेपाच्या रीतीने बायबलमधील कथा गाऊन सांगितल्या. भोसल्यांच्या राज्यात रामदासी मठांबरोबर मराठी कीर्तन तंजावरात पोहोचलेले होते. नगर आणि तंजावर येथील कलावंतांचा परस्परसंबंध होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण राजाश्रयातील पंडित आणि दुष्काळी मुलखातील उपदेशक हे दोघेही स्वतंत्रपणे कथागायनाकडेच वळले, यावरून या माध्यमाची ताकद कळते.

प्रत्यक्ष प्रयोग कसा रंगतो, हे उधळ्या पुत्राच्या आख्यानावरून पाहता येते. पूर्वरंगात क्षमेवरचे एखादे वचन घेऊन कीर्तनकार त्याचे निरूपण करतो. मध्यंतराच्या भजनानंतर उत्तररंगात कथा सुरू होते. धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो, तेव्हा कीर्तनकार पेटी थांबवून श्रोत्यांतील म्हाताऱ्यांकडे पाहतो. बाप जिवंत असताना वाटणी मागण्याचा अर्थ गावात कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. मुलगा पैसा उडवतो तो भाग द्रुत लयीच्या कटावात, दुष्काळ पडतो तो भाग संथ दिंडीत किंवा साकीत. डुकरांपुढच्या शेंगांवर भूक भागवण्याची पाळी येते तेथे साथ जवळजवळ थांबते. मग बाप दुरून मुलाला ओळखतो आणि धावत सुटतो. मृदंगावर ठेका चढतो आणि सभा टाळ्या वाजवू लागते. चांगला कीर्तनकार इथे थांबत नाही. शेतावरून परतलेला, घरात न शिरणारा थोरला भाऊ तो उभा करतो. स्वतःला धार्मिक समजणाऱ्या श्रोत्यांपुढे तो आरसाच असतो. सामान्य कीर्तनकार मिठीच्या प्रसंगावर आख्यान आटोपतो. तेथे गोडवा उरतो, पण कथेची धार निघून जाते.

भक्ती आणि प्रयोग यांतला ताण याच ठिकाणी दिसतो. कीर्तन रंगावे म्हणून आवाज, अभिनय, विनोद आणि वेळेचे भान ही सर्व कलावंताची साधने लागतात. उपासनेत मात्र लक्ष गाणाऱ्याकडे न जाता देवाकडे जावे अशी अपेक्षा असते. वारकरी परंपरेत कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा असतो, म्हणून त्याला केलेले वंदन त्या गादीला पोहोचते. ख्रिस्ती कीर्तनकाराला अशी गादी नाही. त्यामुळे त्याचे स्थान पाळक आणि कलावंत यांच्या मधोमध राहिले. पाळकांपैकी काहींना तो तमाशाकडे झुकलेला वाटे, तर रसिकांना उपदेशाचा भार जाणवे. या कलेतील उत्तम प्रयोगांनी तोडगा काढला तो आख्यानातच: निवेदक स्वतः पात्रांच्या मागे जातो आणि उपदेश त्यांच्या तोंडून येतो.

कॅथलिक समाजातील गायनाचा प्रवास निराळा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनाविषयक दस्तऐवज संमत केला, तेव्हापासून मिस्सेत लोकभाषेला आणि स्थानिक संगीताला अधिकृत जागा मिळाली. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमात जर्मन धर्मगुरू गेओर्ग प्रोक्श यांनी हिंदुस्थानी संगीतावर भजने आणि नृत्यनाट्ये बसवली. वसईच्या सामवेदी आणि ईस्ट इंडियन समाजांत मात्र लोकगीत चर्चबाहेर, लग्नघरातच अधिक टिकले. ‘उमराचं पाणी’ आणण्याच्या विधीला वाजंत्रीसह गाणारा घोळका निघतो. गोव्यातील घुमटाची कथा बोलकी आहे. मातीच्या या वाद्याला घोरपडीचे कातडे लावत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचे कातडे आले आणि नाद बदलला. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. कातडे बदलूनही वाद्य जगले, कारण त्यावर वाजवायची गाणी आणि ती वाजवण्याचे प्रसंग, दोन्ही शिल्लक होते.

ख्रिस्ती कीर्तनाबाबत नेमके हेच म्हणता येत नाही. गाणी पुस्तकांत आहेत, प्रसंग मात्र आटले आहेत. रात्रभर किंवा निदान तीन तास चालणाऱ्या कार्यक्रमाची जागा तासाभराच्या उपासनेने घेतली. गिटार, कीबोर्ड आणि ध्वनिमुद्रित ट्रॅकवर म्हटले जाणारे छोटे कोरस तरुणांना जवळचे वाटतात. ते पटकन पाठ होतात, सगळ्यांना एकदम गाता येतात आणि त्यांसाठी वर्षानुवर्षे तालीम लागत नाही. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. टिळकांची भजनेही एके काळी नवीच होती. पण कोरसात एकच भाव पुनःपुन्हा येतो. कथा नाही, पात्रे नाहीत, विरोध नाही. त्यामुळे आशा ही घोषणेच्या पातळीवर राहते. कीर्तनात ती दुष्काळ, वाटणी आणि रुसलेला भाऊ यांतून मार्ग काढत येते, म्हणून पटते.

दुसरी अडचण चालींची आहे. गीतसंग्रहांत पदावर वृत्ताचे, रागाचे किंवा परिचित चालीचे नाव असते. स्वरलिपी क्वचितच सापडते. ज्या नाट्यपदाची किंवा लावणीची चाल दिली आहे तीच आता विस्मरणात गेली, तर पद मुके होते. जुन्या गायकांकडून चाली ध्वनिमुद्रित करणे आणि त्यांची स्वरलिपी करणे हे काम व्यक्तिगत हौसेपलीकडे, संस्थांच्या पातळीवर व्हायला हवे. धर्मशास्त्राच्या शिक्षणात कीर्तनाला विषय म्हणून जागा मिळाल्यास पाळक आणि कीर्तनकार यांतली जुनी दरीही कमी होईल. नाताळ, पुनरुत्थानाचा सण आणि दर सप्टेंबरात भरणारी हरेगावची मतमाउलीची यात्रा असे मोठे मेळावे आजही श्रोते मिळवून देतात. आख्यान तासाभरात बसवणे, त्यात स्त्री कीर्तनकारांना पुढे आणणे आणि ऊसतोड, स्थलांतर, जात यांसारखे आजचे विषय दाखल्यांना जोडणे, या तीन गोष्टी झाल्यास या कलेला नवा श्रोता मिळू शकतो. रचनांचे भांडवल तिच्याकडे भरपूर आहे. कमतरता आहे ती उभे राहून ते सांगणाऱ्या शिक्षित गळ्यांची.